हत्यार कोणाच्या हातात, पेटी कोणाच्या डोक्यावर?

पनवेल सोडून पळस्पे फाटा ओलांडला आणि जुन्या पुणे रस्त्याने पुढे गेले की कोन लागते. एका बाजूला द्रुतगती मार्ग, दुसरीकडे रसायनीकडे जाणारा कोन-सावळा रस्ता, आणि फार दूर नाही असे न्हावा-शेव्याचे बंदर. भात पिकवणारा हा पट्टा आता माल साठवतो आणि पुढे पाठवतो. गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली घरे याच कोनमध्ये आहेत, आणि ज्यांचे आजे-पणजे गिरणीत होते त्यांची नातवंडे आज गोदामात पॅकर, लोडर, हेल्पर म्हणून उभी आहेत. त्यांत आपली पोरे किती आहेत हे बौद्धवाड्यांमध्ये फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.

पार्सल घेणाऱ्या बहुतेक खिडक्यांवर एक यादी चिकटवलेली असते. काय पाठवता येणार नाही याची. बंदूक, पिस्तूल, त्यांचे सुटे भाग, काडतुसे, स्फोटके, तलवारी. पोरे ती यादी रोज बघतात आणि तिच्यापुढून निघून जातात. तिच्यात वाद घालण्यासारखे काय आहे? हत्यार पार्सलने जाऊ नये हे कोणालाही पटेल, आम्हालाही पटते. पण ही यादी काही एखाद्या कंपनीच्या मॅनेजरच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांहून जुना कायदा आहे, आणि त्या कायद्यामागे त्याहून जुना प्रश्न आहे: हत्यार बाळगायचे कोणी, आणि ओझे वाहायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर या देशात जातीने दिले होते. म्हणून हा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

सुरुवात वाहण्यापासून करू. कुरिअर हा शब्द आज आला, काम आपल्याकडे फार आधीपासून होते. महार वतनाची कामे काय होती? सरकारी भरणा तालुक्याला पोचता करणे, टपाल आणि निरोप एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणे, आलेल्या साहेबाचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या वेशीपर्यंत सोडणे, रात्री गावाची राखण करणे. दिवस किंवा रात्र, पाऊस किंवा ऊन, हाक आली की निघायचे. राज्याची तिजोरी आणि राज्याचा कागद ज्याच्या भरवशावर चालत होता, त्याच्या हातात काय होते? घुंगरांची काठी. तीसुद्धा संरक्षणासाठी कमी आणि येणाऱ्याची चाहूल लागावी म्हणून जास्त. खजिना त्याच्या डोक्यावर विश्वासाने ठेवत, पण पाणवठ्यावर त्याच्या सावलीचाही विश्वास नव्हता. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी या गुलामीला कागदी चौकट दिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल आणले, १९३९ मध्ये हरेगावला परिषद घेतली, आणि शेवटी मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आता हत्याराकडे येऊ. पेशवाईत ज्यांना वेशीच्या आत मान वर करून चालता येत नव्हते, त्यांच्या हातात कंपनीच्या मुंबई फौजेने बंदूक दिली. तिने ही काही समतेपोटी दिली नाही, तिला शिपाई हवे होते. पण बंदूक हातात आली हे खरे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपण दरवर्षी पाहतो, त्यावरची ‘नाक’ लागलेली नावे वाचतो. फौजेबरोबर पगार आला, पेन्शन आली, पलटणीच्या शाळा आल्या. सुभेदार रामजी सकपाळ त्याच शाळांच्या जगातले. एका बंदुकीमागून किती गोष्टी आल्या ते बघा, म्हणजे ती काढून घेतली तेव्हा काय काय गेले याचा अंदाज येईल.

१८५७ चा उठाव झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी हत्यारांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर कायदा केला. १८६० मध्ये दुसरा आला. मग लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, त्याच लिटनचा. १८७८ च्या कायद्यात हत्यार बाळगायला परवाना लागू झाला हे सर्वांना माहीत असते. त्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. हत्यारे देशात आणणे, बाहेर नेणे, आणि देशातल्या देशात एका जागेहून दुसरीकडे हलवणे यांवरही त्याने सरकारचा लगाम लावला. संशयास्पद रीतीने हत्यार नेताना कोणी दिसला तर त्याला वॉरंटाशिवाय पकडता येत होते. म्हणजे परवाना देणारा साहेब एकीकडे बसला, आणि रस्त्यावर, धक्क्यावर, रेल्वेच्या फलाटावर मात्र नजर राहिली ती पेटी उचलणाऱ्यावर. पार्सलच्या खिडकीवरच्या यादीचे मूळ इथे आहे.

आणि सूट कोणाला होती? गोऱ्यांना तर होतीच. शिवाय संस्थानिकांना, मोठ्या सरदारांना, किताब मिळालेल्यांना. काँग्रेसने स्थापनेनंतर दोन-तीन वर्षांतच या कायद्याविरुद्ध ठराव केला. गोऱ्याला एक न्याय आणि काळ्याला दुसरा, हा देशाचा अपमान आहे अशी त्यांची तक्रार. ती खरीच होती. पण गोऱ्या-काळ्याचा हिशेब मांडणाऱ्या या मंडळींना गावातल्या हिशेबाची आठवण झाली नाही. त्यांच्या अंगणात ज्याला काठीपलीकडे काही धरायचा हक्क धर्मानेच नाकारला होता, त्याचा अपमान त्यांच्या ठरावात नव्हता.

त्यानंतर काही वर्षांतच तो घाव बसला. लढवय्या जाती आणि न-लढवय्या जाती असा सिद्धांत इंग्रज सेनापतींनी पुढे केला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची फौजभरती बंद झाली. ज्यांच्या जोरावर पश्चिम हिंदुस्थान जिंकला त्यांना सांगितले गेले की तुम्ही लढणारे नव्हेत. खरे कारण उघड होते. उच्चवर्णीय शिपाई त्यांच्याबरोबर एका पलटणीत नको म्हणत होते आणि इंग्रजांना आता त्या वर्गाला दुखवायचे नव्हते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर फौजी, यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. आजच्या रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे आपल्याच मातीतल्या माणसाने. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तेच मागणे १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्यांपर्यंत नेले.

हे १९१० साल नीट ध्यानात ठेवा, कारण त्याला लागूनच एक वेगळी पेटी मुंबई बंदरात उतरली होती. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी बोटीने मुंबईला आला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या तळात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. पाठवणारे सावरकर. त्यांतल्या एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्याचे दोन साथीदार १९१० मध्ये ठाण्याला फाशी गेले. पेटी आणणारा अमीन खटल्यात माफीचा साक्षीदार झाला.

शौर्यकथा म्हणून हा प्रसंग मराठीत शंभरदा सांगितला गेला आहे. त्या तरुणांनी जीव दिला, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण इतिहास म्हणून त्याला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. कायदा १८७८ चा, बंदोबस्त बोटीवरही आणि धक्क्यावरही, तरी पिस्तुले आली. येऊ शकली ती कोणाच्या ऐपतीवर, कोणाच्या नात्यागोत्यांवर? विलायतेत शिकायला मुलगा ठेवणे, तिथून माल धाडणे, इथे तो उतरवून घेणारी भरवशाची घरे असणे, हे सारे ज्या वर्गाकडे होते त्याच्यासाठी बंदीमध्येही फट होती. आणि ती पेटी प्रत्यक्ष समुद्र ओलांडून आणणारा? स्वयंपाकी. त्याच सुमारास आपल्या माणसांनीही विलायतेला काहीतरी पाठवले होते. त्या लखोट्यात अर्ज होता. आम्हालाही शिपाई म्हणून उभे राहू द्या, एवढेच त्यात लिहिले होते. एकाच काळात दोन वर्गांनी राज्याच्या बंदुकीशी दोन वेगळ्या रीतींनी बोलणे केले. शाळेच्या पुस्तकात एकच रीत आली.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा ‘न-लढवय्ये’ पुन्हा आठवले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि लढाई संपल्यावर काही वर्षांत मोडलीही गेली. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत या फौजबंदीचा विषय काढला तो उगाच नव्हे. समोर पेन्शनर फौजी बसलेले होते. दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, चवदार तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर सवर्णांनी लाठ्या घेऊन हल्ला केला. ज्यांनी परमुलखात बंदुका चालवल्या ते लोक उलट उत्तर द्यायला तयार होते, परवानगी मागत होते. बाबासाहेबांनी हात आवरायला लावला. भीतीने नव्हे. हाती आलेली नैतिक आणि कायदेशीर बाजू एका रात्रीच्या हाणामारीत गमवायची नाही, हा हिशेब होता.

तरीही शस्त्राचा प्रश्न त्यांनी कधी गौण मानला नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी विचारले की इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, इथे का झाल्या नाहीत? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाकडून शस्त्रही काढून घेतले आणि विद्याही. युरोपातला दुबळा माणूस निदान फौजेत जाऊ शकत होता. इथला शूद्र-अतिशूद्र नांगराला जखडला गेला आणि नांगराचा फाळ वितळवून तलवार करण्याचीही त्याला मुभा नव्हती. हे ओळखूनच १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यावर त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

यावरून आपल्यातले काही तरुण एक निष्कर्ष काढतात आणि अलीकडे तो जास्तच ऐकू येतो: मग आपणही बंदुकीचे परवाने मागू, घराघरात हत्यार असले की कोण हात लावतो ते बघू. त्यांनी डिसेंबर १९४८ मधली घटना समितीतली चर्चा वाचावी. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने हत्यार बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला होता. त्याचा आधार घेऊन ह. वि. कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. असा हक्क चोराला, दरोडेखोराला आणि खिसेकापूलाही मिळेल, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा अधिक मोलाचा: आग्रह धरायचा असेल तर व्यक्तीच्या हत्यार बाळगण्याच्या हक्काचा नको, देशासाठी हत्यार उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा. संविधानाच्या १९ व्या कलमात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे. शब्द सहज पडलेला नाही. महाडला हात आवरणारा आणि बेळगावला पलटण उभी करायला लावणारा माणूस एकच होता. शस्त्र राज्याकडे असावे आणि राज्य सर्वांचे असावे, हे त्याचे म्हणणे. अर्धेच वाक्य उचलले की गोंधळ होतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. कोनच्या गोदामात उभ्या असलेल्या पोराशी थेट संबंध येतो तो याच कायद्याचा, म्हणून इथे थोडे थांबू. दुसऱ्या कलमात हत्याराची व्याख्या आहे आणि तीत सुटे भागसुद्धा हत्यारच धरले आहेत. नळी वेगळ्या खोक्यात आणि घोडा वेगळ्या खोक्यात पाठवला म्हणून सुटका नाही. बाराव्या कलमाने हत्यारांच्या वाहतुकीवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. विसाव्या कलमात आणखी एक गंमत आहे. संशयास्पद रीतीने हत्यार नेणाऱ्याला पोलीस तर पकडू शकतातच, पण रेल्वे, जहाज, विमान, वाहन यांवर काम करणारा कोणीही माणूस त्याला वॉरंटाशिवाय पकडू शकतो. म्हणजे ट्रेलरचा क्लीनरसुद्धा! अधिकार कागदावर केवढा मोठा. पण त्याच कायद्याचे छत्तिसावे कलम वाचा. वाहतुकीत असलेल्या एखाद्या पेटीत, पुडक्यात, गाठोड्यात बेकायदा हत्यार असल्याचा संशय घेण्यास कारण असेल, तर तिथल्या कामगाराने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवलेच पाहिजे. कळवले नाही आणि आपल्याकडे त्याला वाजवी कारण होते असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कामगारावर.

कंत्राटदाराच्या हाताखाली, ओळखपत्राशिवाय, दिवसाला शेकडो खोकी उचलणाऱ्या पोराने हे कसे सिद्ध करायचे? त्याला हे कलम कोणी वाचून दाखवले आहे? स्कॅनर कंपनीचा, ग्राहकाचे नाव-पत्ता कंपनीच्या संगणकात, भाडे कंपनीच्या खात्यात, आणि संशय घ्यायची जबाबदारी मात्र बारा तास उभ्या असलेल्या लोडरवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुनवंतलाल खटल्यात सांगितले आहे की हत्यार ताब्यात असणे म्हणजे जाणीवपूर्वक ताब्यात असणे. खोक्यात काय आहे हे ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर ताब्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. हे संरक्षण मोठे आहे. पण ते मिळते न्यायालयात. त्याआधीची अटक, जामीन, गेलेली नोकरी, वस्तीतली बदनामी यांना ते लागू पडत नाही.

बंधने कुठे फुटतात याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनच्या शेखाडीला बोटीतून माल उतरला. शेखाडीच्या मालात आरडीएक्स होते, एके-५६ रायफली होत्या. १२ मार्चला मुंबईत जे झाले त्यात २५७ माणसे मेली. कायदा नव्हता का? होता. समुद्रावर कस्टम्स होते, रस्त्यावर पोलीस होते. दिघीचा माल म्हसळ्याजवळच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवलाही होता. पैशांची बोली झाली आणि गाड्या पुढे गेल्या. पुढे खटल्यात कस्टम्सचे आणि पोलिसांचे अधिकारी दोषी ठरले. किनाऱ्यावर पेट्या उतरवणारे आणि गाड्या चालवणारेही टाडाखाली गेले. त्याच खटल्यात घरात एके-५६ ठेवणारा एक नामांकित नट टाडाच्या आरोपातून सुटला आणि शस्त्र कायद्याखाली शिक्षा भोगून बाहेर आला. निकाल न्यायालयाचा आहे, तो आम्ही बदलायला बसलेलो नाही. पण पेटी उचलणारा आणि पेटीतली वस्तू घरात ठेवणारा यांच्या वाट्याला काय आले, एवढे तरी पाहायला नको का?

आता पार्सलच्या काळात या. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत दंगल झाली आणि त्याच महिन्यात एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीमार्फत मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी शहरात जप्त केले. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या दिघी भागात एका कुरिअरच्या गोदामात स्कॅनरखाली ९० हून अधिक तलवारी सापडल्या. अमृतसरहून निघालेल्या, औरंगाबादकडे चाललेल्या. त्याच महिन्यात धुळ्याजवळ एका गाडीत ८९ तलवारी मिळाल्या. कोणी म्हणेल शोभेच्या, कोणी म्हणेल मिरवणुकीच्या. आम्ही विचारतो, मिरवणुकीत तलवार नाचते तेव्हा ती कोणाच्या मोहल्ल्यासमोर, कोणाच्या बुद्धविहारासमोर जास्त नाचते? आणि ती नाचवणारी पोरे कोणाची असतात? गेल्या काही वर्षांत बहुजनांच्या, अनेकदा आपल्याही पोरांच्या हाती ती दिली जाते. गुन्हा दाखल होतो तो पोरावर. मागवणाऱ्याचे पैसे कुठून आले हे फिर्यादीत नसते.

अमेरिकेतही हा इतिहास रंगाच्या रेषेवरून गेला आहे. गुलामी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपीने मुक्त झालेल्या काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला मनाई केली. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी बंदुकीचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर उघड बंदुका घेऊन गस्त घालू लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईघाईने त्याविरुद्ध कायदा केला. गोरे तेच करत होते तोवर कोणाला कायद्याची आठवण नव्हती. १९२७ पासून तिथे लपवता येणारी पिस्तुले टपालाने पाठवायला बंदी होती. रायफल मात्र जाहिरात बघून घरी मागवता येत होती, आणि १९६३ मध्ये केनेडींवर झाडली गेलेली रायफल अशीच, खोट्या नावाने, टपालाने मागवलेली होती. तरी कायदा व्हायला पाच वर्षे लागली, आणि तो झाला एप्रिल १९६८ मध्ये किंग यांचा खून झाल्यानंतर. आज तिथल्या मोठ्या पार्सल कंपन्या परवानाधारक विक्रेते आणि उत्पादक सोडून कोणाच्या बंदुका घेत नाहीत. पँथरचे नाव आपण १९७२ मध्ये घेतले, मग त्यांच्या देशातला हा धडाही घ्यावा: परवाना देणे न देणे साहेबाच्या मर्जीवर असले की ती मर्जी कोणाच्या बाजूने झुकते ते सांगावे लागत नाही.

आता जो मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारे वगळलेली आहेत. ते योग्यच आहे, शेतकऱ्याने कोयत्याला परवाना काढायचा का? पण आपल्यावरच्या अत्याचारांचा इतिहास काढा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली ती कशाने? काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या चेन. यातले काहीही कुरिअरच्या यादीत अडले नसते. बंदूक मारते तेव्हाही ती बहुधा पार्सलने आलेली नसते, ती आधीपासून मोठ्या घरात टांगलेली असते. बिहारात बथानी टोल्यात १९९६ मध्ये २१ आणि लक्ष्मणपूर-बाथेत १ डिसेंबर १९९७ च्या रात्री ५८ माणसे रणवीर सेनेने मारली, आणि दोन्ही खटल्यांत पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१३ मध्ये आरोपींना सोडून दिले. खोकी तपासून हे थांबणारे नाही.

यावर उपाय कायद्यात लिहिलेला आहे आणि तो बंदूक मागणाऱ्या आपल्या पोरांनाही माहीत नसतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम काढून वाचा. जिथे अत्याचाराचा धोका आहे असा भाग ठरवल्यावर, गरज पडली तर, तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि मित्रांचेसुद्धा शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. सर्व बेकायदा अग्निशस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटले तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. क्रम बघा. आधी त्यांच्या हातातले काढा, मग लागलेच तर यांना द्या. आपण शेवटचे कलम तेवढे ऐकतो आणि पहिले विसरतो.

प्रशासन म्हणेल, हे व्यवहारात शक्य नाही. का नाही? प्रत्येक निवडणुकीत आचारसंहिता लागली की परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातातच. छाननी समित्या बसतात, नोटिसा जातात, बंदुका येतात. मतपेटीसाठी जे काही दिवसांत होते ते वस्तीच्या जिवासाठी का होत नाही?

आणि वाहणाऱ्याने नुसते वाहावे असेही कुठे लिहिलेले नाही. एप्रिल २००८ मध्ये झिम्बाब्वेकडे निघालेली हत्यारे घेऊन एक चिनी जहाज डर्बन बंदराला लागले. तिथल्या वाहतूक कामगारांच्या संघटनेने पेट्या उतरवायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जहाजाला माल न उतरवता निघावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या देशातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने जाहीर केले की इस्राएलकडे जाणारा शस्त्रास्त्रांचा माल आम्ही हाताळणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना साहेबाचे सामान नाकारण्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी ही बातमी लहान नाही. पण नकार द्यायला संघटना लागते. कंत्राटी, महिन्याला कंपनी बदलणाऱ्या पोराला एकट्याने नकार देता येत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवतात.

म्हणून कोन, सोमाटणे, रसायनी, उरण या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या पोरांसाठी आधी एवढे. संशयास्पद खोके दिसले तर सुपरवायझरला तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ आणि पावती क्रमांक लिहून ठेवा, पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, सोबत एक साक्षीदार ठेवा. छत्तिसाव्या कलमात तुम्हाला वाचवणारा तोच कागद आहे. कंत्राटदाराकडून ओळखपत्र आणि नेमणुकीचा कागद मागा, एकट्याने नव्हे, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून.

आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. प्रश्न चारच ठेवा म्हणजे उत्तर टाळता येणार नाही. १९९५ च्या नियमांखाली आपल्या जिल्ह्यातला कोणता भाग अत्याचारप्रवण म्हणून ठरवला आहे? तिसऱ्या नियमाखाली आजवर किती शस्त्रपरवाने रद्द केले आणि किती हत्यारे जमा झाली? त्याच नियमाखाली किती बेकायदा अग्निशस्त्रे जप्त झाली? अनुसूचित जाती-जमातींच्या किती अर्जदारांना परवाना दिला आणि किती जणांना कोणत्या कारणाने नाकारला? उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही तर पहिले अपील, आणि ‘निरंक’ असे आले तर तो कागद जपून ठेवा, पुढच्या दक्षता समितीच्या बैठकीत तोच टेबलावर ठेवायचा आहे.